कोंबडीचें आंतडें व खाद्यांतील पुड्या

ठाणें जिल्ह्यांत भाताच्या शेतीस जोडधंदा म्हणून ब्रॉयलर कोंबड्या पाळणाऱ्या खातेदारांची संख्या आतां लहान राहिलेली नाहीं. मुरबाड, शहापूर, कल्याण, अंबरनाथ व भिवंडी या तालुक्यांतून जाणाऱ्यास शेताच्या कडेला लांबट, जाळीच्या भिंतींच्या शेडी दिसतात. ठाणें, कल्याण, डोंबिवली व उल्हासनगर हीं शहरें उंबरठ्याशींच असल्यामुळें मालास गिऱ्हाईक शोधीत हिंडावें लागत नाहीं. भाताच्या गिरण्यांतून तूस मिळतें, घरचीं माणसें हाताशीं असतात, आणि पांच-सहा आठवड्यांत पैसा मोकळा होतो. धंदा सोयीचा आहे यांत शंका नाहीं.

परंतु कोणत्याही शेडीला लागून असलेल्या खोलींत डोकावलें तर तेथें एक फळी दिसते, व त्या फळीवर पुड्यांची आणि बाटल्यांची रांग दिसते. एक पचनाची, एक यकृताची, एक वाढीची, एक बुरशीच्या विषाची, एक पाण्यांत घालावयाची. विक्रेता येतो, नवी पुडी ठेवून जातो, आणि शेतकरी ती घेतो, कारण मागील खेपेस पिलें मेलीं होतीं. पुडीनें काय केलें हें कोणी मोजीत नाहीं. या पुड्या काय करितात, कोणती खरोखर उपयोगी पडते, आणि कोणतीही पुडी उपयोगी पडण्यापूर्वीं शेडींत काय असावयास पाहिजे, याचा विचार आमच्या वाचकांपुढें मांडावा या हेतूनें हा लेख लिहीत आहों. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों: कोरडी गादी, कोरडा मका व स्वच्छ पाणी या तीन गोष्टी साधल्यावर पुडीचा पैसा वसूल होतो, त्या साधल्या नसतील तर सहसा होत नाहीं.

आंतड्याची रचना

ब्रॉयलरच्या संगोपनांत एकंदर खर्चाचा सुमारें दोन तृतीयांश भाग खाद्यावर जातो. तें खाद्य मांसांत बदलण्याचें सारें काम आंतड्यांत चालतें. म्हणून आंतड्याची प्रकृति हीच या धंद्याची खरी तिजोरी होय.

चोंचीनें टिपलेला दाणा प्रथम गळ्याच्या मुळाशीं असलेल्या पिशवींत भिजतो. पुढें जठरांत त्यावर आम्ल पडतें. त्यानंतर जाड स्नायूंची जी गोल पिशवी कलेजीबरोबर विकली जाते तिच्यांत तो दळला जातो, कारण कोंबडीस दांत नसतात. मका अगदीं पिठासारखा बारीक दळला तर या पिशवीस काम राहत नाहीं व ती दुबळी पडते. भरडा किंचित् जाड असलेला बरा. दळलेलें अन्न मग लहान आंतड्यांत उतरतें. या आंतड्याच्या आंतील बाजूस मखमलीच्या लवेप्रमाणें असंख्य बारीक अंकुर असतात, आणि अन्नरस शोषून रक्तांत पोंचविण्याचें काम ते करितात. अंकुर उंच व निरोगी असले म्हणजे त्याच खाद्यांत अधिक वजन मिळतें. ते झडले, सुजले किंवा खुंटले म्हणजे खाद्य अर्धवट पचून विष्ठेंतून बाहेर पडतें, आणि शेतकऱ्याचा पैसा तुसाच्या गादींत मिसळतो.

आंतड्याच्या शेवटीं दोन बंद तोंडाच्या नळ्या असतात. त्यांत कोट्यवधि जंतूंची वस्ती असते. हे जंतु सगळेच शत्रु नव्हत. त्यांतील पुष्कळसे आम्ल तयार करून व जागा अडवून रोगजंतूंस पाय ठेवूं देत नाहींत. शेतांत भाताचें रोप दाट लागलें म्हणजे तणास जागा उरत नाहीं, तसाच कांहींसा हा प्रकार आहे.

यंत्रांत जन्मलेलें पिलूं

गांवठी कोंबडीचें पिलूं अंड्यांतून बाहेर पडतें तेव्हां त्याच्या आंतड्यांत जंतूंची वस्ती जवळ जवळ नसतेच. तें आईच्या पायांशीं टोंचीत फिरतें, तिच्या विष्ठेंतले कण त्याच्या पोटांत जातात, आणि थोड्याच दिवसांत मोठ्या कोंबडीच्या पोटांतील उपकारक जंतु त्याच्या पोटांत येऊन वसतात. उबवणी यंत्रांतील पिलास आई नसते. तें पेटींत भरून शेडींत येतें, आणि त्याच्या पोटांत पहिली वस्ती कोणाची होईल हें गादीवर व पाण्यांत काय आहे त्यावर ठरतें.

ही गोष्ट फिनलंड देशांत प्रथम स्पष्टपणें दाखवून देण्यांत आली. तेथें १९७१ सालीं ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला जंतूचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यावेळीं नुर्मी व रांताला या दोघा शास्त्रज्ञांनीं निरोगी, वयस्क कोंबड्यांच्या आंतड्यांतील द्रव्य नुकत्याच जन्मलेल्या पिलांस पाजलें, तेव्हां त्या पिलांस साल्मोनेलाची बाधा होण्याचें प्रमाण फार कमी झालें. त्यांचा हा प्रयोग १९७३ सालीं प्रसिद्ध झाला. आज बाजारांत उपकारक जंतूंच्या ज्या पुड्या मिळतात त्यांच्यामागील विचार हाच आहे. आईनें जें फुकट दिलें असतें तें आपण विकत घेऊन देतों.

यावरून पहिल्या सात दिवसांचें महत्त्व ध्यानांत येईल. चांगल्या स्थितींत पिलाचें वजन एका आठवड्यांत सुमारें चौपट होतें. त्या दिवसांत कृत्रिम दायीखालीं उष्णमान सुमारें ३२ ते ३५ अंश सेल्सिअस असावें, व पुढें दर आठवड्यास सुमारें तीन अंशांनीं उतरवावें. पिलें दायीच्या मध्याखालीं एकावर एक गोळा झालीं तर तीं गारठलीं आहेत असें समजावें. कडेला पळून धापा टाकूं लागलीं तर उष्णता अधिक झाली आहे. सारखीं पसरून खात-पीत असतील तर ठीक आहे. गारठलेलें पिलूं खात नाहीं, आणि ज्या आंतड्यांत अन्न पडत नाहीं त्याचे अंकुर वाढत नाहींत. पहिल्या आठवड्यांतील हें नुकसान पुढें कोणत्याही पुडीनें भरून निघत नाहीं.

आषाढाची बॅच

या जिल्ह्यांत कोंबडीच्या धंद्याचें वर्ष पंचांगाशीं बांधलेलें आहे. श्रावण लागला कीं कल्याण-डोंबिवलीकडील पुष्कळ घरांत मांसाहार बंद होतो. मार्गशीर्षांतील गुरुवारींही विक्री मंदावते. उलट आषाढ अमावास्येपूर्वींच्या पंधरवड्यांत मागणी जोरांत असते. ती साधावयाची तर पिलें ज्येष्ठांत आणावीं लागतात. नेमक्या त्याच सुमारास मृग बरसूं लागतो. वर्षाकाठीं सुमारें शंभर इंच पाऊस पडणारा हा मुलूख; म्हणजे ज्या बॅचवर शेतकऱ्याची सर्वांत मोठी आशा, तीच बॅच वर्षांतल्या सर्वांत ओल्या दिवसांत वाढते. आंतड्याचे रोग बळावण्यास याहून अनुकूल काळ नाहीं. ओल तीन वाटांनीं आंत येते.

पहिली वाट मक्याची. आपल्याकडे मका व सोयाबीनची पेंड बहुतेक घाटावरून येते. वाटेंत ताडपत्री फाटली, अगर कोठारांत पोतीं भिंतीस टेकून ठेवलीं, कीं मक्यास बुरशी धरते. या बुरशीच्या एका जातीपासून अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष उत्पन्न होतें. हें विष प्रथम उघडकीस आलें तें १९६० सालीं इंग्लंडांत. तेथें भुईमुगाच्या पेंडीमुळें सुमारें एक लाख टर्की पक्षी मेले. हें विष यकृतावर घाला घालतें, रोगप्रतिकाराची शक्ति क्षीण करितें, व लस टोंचूनही ती नीट लागूं देत नाहीं. भारतीय मानक संस्थेनें कोंबडी-खाद्यांत अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा शंभर कोटी भागांत वीस भाग इतकी घातली आहे, व खाद्यांतील ओलावा अकरा टक्क्यांहून अधिक नसावा असें ठरविलें आहे.

मका कोरडा आहे कीं नाहीं हें पाहण्याची एक साधी रीत सांगतों. कोरडी, स्वच्छ कांचेची बरणी घ्यावी. तींत तिसरा हिस्सा मका भरून वर भाजून कोरडें केलेलें मीठ दोन चमचे टाकावें, झांकण घट्ट लावून दोन-तीन मिनिटें हलवावें व थोडा वेळ ठेवावें. मीठ बरणीच्या कडांस चिकटलें तर मक्यांत सुमारें पंधरा टक्क्यांहून अधिक ओल आहे असें समजून तो माल घेऊं नये, किंवा उन्हांत वाळविल्यावांचून भरडूं नये. पोतीं जमिनीवर न ठेवतां लांकडी फळ्यांवर ठेवावीं, व भिंतीपासून हातभर दूर ठेवावीं.

दुसरी वाट गादीची. आपल्याकडे तुसाची दोन ते तीन इंच जाड गादी घालतात. ती ओली झाली कीं रक्ती हगवणीचा परोपजीवी तींत बळावतो. त्याचीं अंडीं विष्ठेंतून बाहेर पडतात. पण ऊब, हवा व ओल या तिन्ही मिळाल्यावांचून तीं रोग देण्यास समर्थ होत नाहींत. ओल्या गादींत त्यांस एक-दोन दिवस पुरतात. हा परोपजीवी आंतड्याच्या अस्तरास जखमा करितो, आणि त्या जखमांतून क्लॉस्ट्रिडियम जातीचा जंतु आंत शिरून अस्तर सडवितो. म्हणजे एका रोगानें दुसऱ्यास दार उघडून दिलें. गादीची परीक्षा मुठीनें करावी. मूठभर तूस घट्ट दाबून सोडावें; लाडू तसाच राहिला तर गादी ओली आहे, अलगद फुटला तर ठीक आहे. ओला भाग ताबडतोब काढून टाकून तेथें कोरडें तूस घालावें. गादी रोज सकाळीं हलवावी. शेडींत बसतां क्षणीं डोळे चुरचुरले तर अमोनिया सांचला आहे असें समजून वारा मोकळा करावा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या अंगाचा पडदा पावसाच्या सरींत उतरवावा व उघडीप होतांच उचलावा. तो अहोरात्र बांधून ठेवणें हें गादी ओली होण्याचें एक मुख्य कारण आहे.

तिसरी वाट पाण्याची. कोंबडी खाद्याच्या सुमारें दुप्पट वजनाचें पाणी पिते. पावसाळ्यांत विहिरीचें व ओढ्याचें पाणी गढूळ होतें, आणि नळींत शेवाळ धरतें. प्रत्येक बॅचनंतर नळ्या आंतून धुवाव्या, व पाणी निर्जंतुक करून द्यावें. गळणारें पाण्याचें भांडें तर दुहेरी नुकसान करितें: पाणीही वाया जातें व गादीही भिजते.

पुड्यांचे प्रकार व त्यांचा गुण

एवढें झाल्यावर मग पुडीचा विचार करावा. बाजारांत नांवें शेंकडों असलीं तरी प्रकार थोडकेच आहेत.

पाचक द्रव्यें, ज्यांस व्यापारी एन्झाइम म्हणतात, हा पहिला प्रकार. धान्यांतील फॉस्फरसचा सुमारें दोन तृतीयांश भाग अशा रूपांत बांधलेला असतो कीं कोंबडीस तो सुटा करून घेतां येत नाहीं. फायटेज नांवाचें द्रव्य तो मोकळा करितें. जे शेतकरी घरच्या भाताचा कोंडा खाद्यांत मिसळतात त्यांस याचा विशेष उपयोग आहे, कारण कोंड्यांत हा बांधलेला फॉस्फरस फार असतो. खनिज फॉस्फेट त्या मानानें कमी घालावें लागतें. गव्हाचा अंश मोठा असेल तर झायलेनेज उपयोगी पडतें. नुसत्या मका-सोयाबीनच्या खाद्यांत त्याचा गुण कमी दिसतो.

दुसरा प्रकार आम्लांचा. प्रोपिऑनिक आम्ल खाद्यांतील बुरशीस अटकाव करितें, पण बुरशीनें आधींच केलेलें विष तें नाहींसें करीत नाहीं. फॉर्मिक आम्ल पाण्यांत दिलें असतां गळ्याच्या पिशवींतील रोगजंतु कमी होतात. ब्युटिरिक आम्ल आंतड्याच्या अस्तरास पोषक आहे. आम्लें हाताळतांना हातमोजे घालावे, व प्रमाण चिठ्ठींत लिहिल्याप्रमाणेंच ठेवावें; अधिक आम्लानें पक्षी पाणी पिणें सोडतात.

तिसरा प्रकार उपकारक जंतूंचा, म्हणजे प्रोबायोटिक. यांत दोन जाती मुख्य. लॅक्टोबॅसिलस हे दह्यांतील जंतूंचे भाऊबंद. ते उष्णतेनें मरतात, म्हणून गोळी खाद्य तयार करतांना घातलेले टिकत नाहींत. बॅसिलस जातीचे जंतु बीजरूपानें राहतात व उष्णता सोसतात. येथें एक चूक सर्रास होते. शेतकरी पाण्यांत क्लोरीन घालतो आणि त्याच पाण्यांत जंतूंची पुडी घालतो. क्लोरीनचें कामच जंतु मारण्याचें आहे. तें उपकारक व अपकारक असा भेद करीत नाहीं. पुडी द्यावयाच्या वेळेपुरतें बिनक्लोरीनचें पाणी द्यावें. तसेंच, जंतु मारणारें औषध चालू असतां जंतूंची पुडी देऊं नये. दोन्हींचा खर्च फुकट जातो.

चौथा प्रकार यीस्टच्या पेशींच्या टरफलांचा. ई-कोलाय व साल्मोनेला यांसारखे जंतु आंतड्याच्या भिंतीवरील एका विशिष्ट शर्करेस चिकटून बसतात. तीच शर्करा यीस्टच्या टरफलांत असते. ती खाद्यांतून दिली म्हणजे जंतु भिंतीऐवजीं तिला चिकटतात व विष्ठेबरोबर वाहून जातात.

पांचवा प्रकार विषबंधकांचा. बेंटोनाइट नांवाची चिकणमाती अफ्लाटॉक्सिनला चांगली धरून ठेवते. बुरशीचीं इतर कित्येक विषें तिच्या हातीं तितकीशीं लागत नाहींत. म्हणून विषबंधक घातला आहे या भरंवशावर कुजका मका खपविणें धोक्याचें आहे.

सहावा प्रकार वनस्पतींचा. परदेशांत थाइम व ओरेगानो या वनस्पतींचें तेल खाद्यांत घालतात. त्यांतील थायमॉल हें द्रव्य आपल्या ओव्यांतही भरपूर असतें. लसूण व हळद यांवरही पुष्कळ प्रयोग झाले आहेत. कांहींत गुण आला, कांहींत आला नाहीं. कारण प्रत्येक ठिकाणच्या मालांत द्रव्याचें प्रमाण निराळें असतें. घरची हळद देऊन पाहण्यास हरकत नाहीं, पण तिच्यावर विसंबून गादीकडे दुर्लक्ष करूं नये.

सातवा प्रकार रक्ती हगवणीस अटकाव करणाऱ्या द्रव्यांचा. सॅलिनोमायसिन व मोनेन्सिन हीं त्यांतील नेहमींचीं. हीं बहुधा तयार खाद्यांतच असतात, तेव्हां चिठ्ठी न वाचतां वरून आणखी घालणें घातक होय. शिवाय हीं द्रव्यें घोड्यास प्राणघातक आहेत. ज्यांच्या घरीं घोडा-टांगा आहे त्यांनीं कोंबडीचें खाद्य त्याच्या तोंडीं लागूं देऊं नये.

प्रतिजैविकांचा प्रश्न

वरील यादींत आम्ही प्रतिजैविकें, म्हणजे अँटिबायोटिक औषधें, मुद्दाम धरलीं नाहींत. त्यांचा इतिहास लक्षांत ठेवण्यासारखा आहे. १९४८ ते १९५० या काळांत अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत टॉमस ज्यूक्स व त्यांचे सहकारी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त सांठा शोधीत होते. ऑरिओमायसिन तयार करतांना उरलेला चोथा त्यांनीं पिलांस घातला, तेव्हां जीवनसत्त्वानें व्हावी त्याहूनही अधिक वाढ झाली. तेव्हांपासून जगभर थोड्या प्रमाणांत प्रतिजैविकें खाद्यांत घालण्याची चाल पडली. आजारी पक्ष्यास औषध म्हणून नव्हे, तर धडधाकट पक्ष्याचें वजन वाढावें म्हणून.

याचा परिणाम असा कीं, थोडें थोडें औषध रोज मिळाल्यानें दुबळे जंतु मरतात व औषधास न जुमानणारे उरतात. तेच पुढें वाढतात. ते विष्ठेंतून शेतांत, पाण्यांत व मांसावर येतात. उद्यां शेतकऱ्याच्याच घरांत कोणाची जखम चिघळली, किंवा डोंबिवलीच्या एखाद्या चाळींत मूल तापानें पडलें, तर त्याच जातीचें औषध त्या वेळीं लागूं पडेलच असें नाहीं. म्हणून स्वीडननें १९८६ सालीं ही चाल बंद केली, व १ जानेवारी २००६ पासून सर्व युरोपीय संघानें वाढीसाठीं प्रतिजैविकें देण्यास बंदी केली. डेन्मार्कमध्यें १९९८ सालीं ब्रॉयलर पाळणारांनीं तीं आपण होऊन सोडलीं. तेथें पक्ष्यांच्या मरतुकींत म्हणण्यासारखी वाढ झाली नाहीं. खाद्य मात्र किंचित् अधिक लागलें.

आपल्याकडे दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट या संस्थेनें २०१४ सालीं दिल्ली व आसपासच्या भागांतील कोंबडीच्या मांसाचे ७० नमुने तपासले, त्यांत ४० टक्के नमुन्यांत प्रतिजैविकांचा अंश सांपडला. कोलिस्टिन हें औषध माणसांच्या अगदीं शेवटच्या उपायांपैकीं एक. जुलै २०१९ मध्यें केंद्र सरकारनें तें अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांस, कोंबड्यांस व खाद्यांत देण्यास बंदी केली. मांसांत औषधांचे अवशेष किती असावे याविषयींचे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे नियमही १ एप्रिल २०२५ पासून अधिक कडक झाले आहेत.

शेतकऱ्यास आमचें सांगणें इतकेंच कीं, कोंबडी खरोखर आजारी असेल तर पशुवैद्यास दाखवून, त्याच्या लेखी सल्ल्यानें, पुरी मात्रा पुरे दिवस द्यावी. आणि औषध थांबल्यावर चिठ्ठींत सांगितलेले दिवस उलटल्यावांचून माल विकूं नये. वाढीसाठीं म्हणून रोजची पुडी देऊं नये. ज्या पुडीवर आंत काय आहे तें छापलेलें नाहीं ती पुडी घरांतच घेऊं नये.

पुडीचा हिशेब

आमचें आयुष्य महसुलाच्या नोंदी लिहिण्यांत गेलें, म्हणून आम्हांस प्रत्येक गोष्ट कागदावर उतरवून पाहण्याची संवय आहे. पुडीसही तोच न्याय लावावा. एक किलो वजन वाढण्यास किती किलो खाद्य लागलें हा आंकडा या धंद्यांत एफसीआर या नांवानें सर्वांस ठाऊक आहे. समजा, एक हजार पक्षी सरासरी दोन किलोचे झाले. एकूण वजन दोन हजार किलो. एफसीआर १.८ असेल तर खाद्य ३,६०० किलो लागलें, १.७ असेल तर ३,४०० किलो. फरक २०० किलोचा. खाद्य किलोस ४० रुपये धरलें तर आठ हजार रुपये वांचले. आतां पुडी एक टन खाद्यास अर्धा किलो या प्रमाणांत घातली व तिचा भाव किलोस ६०० रुपये असला, तर तिचा खर्च सुमारें एक हजार रुपये आला. पुडीनें एफसीआर खरोखर १.८ वरून १.७ वर आणला असेल तर सौदा उत्तम. पण तो १.७८ वरच राहिला तर वांचलेलें खाद्य ४० किलो, म्हणजे सोळाशें रुपये. पुडीचा खर्च जातां हातांत पांच-सहाशें. आणि कांहींच फरक पडला नसेल तर हजार रुपये पाण्यांत गेले. अशा पांच पुड्या फळीवर असल्या म्हणजे नफा कोठें गेला याचें कोडें उलगडतें.

फरक खरोखर पडला कीं नाहीं हें ओळखण्यास शेडीच्या मध्यें जाळीचा आडपडदा घालावा. एकाच दिवशीं आलेलीं पिलें दोन्हीकडे सारख्या संख्येनें सोडावीं. खाद्य तेंच, पाणी तेंच. एका बाजूस पुडी, दुसऱ्या बाजूस नाहीं. दोन्हीकडील खाद्य वेगळें तोलावें. सातव्या, एकविसाव्या व पस्तिसाव्या दिवशीं प्रत्येक बाजूचे पन्नास पक्षी न निवडतां पकडून वजन करावें, व मेलेले पक्षी रोज लिहावे. पुढच्या बॅचला पुडीची बाजू बदलावी, कारण पावसाच्या अंगाची बाजू नेहमींच अधिक ओली असते, व तिचा दोष पुडीवर येऊं नये. तीन बॅचचे आंकडे एकाच दिशेनें बोलूं लागले तर ते खरे मानावे. विक्रेत्याच्या छापील कागदाहून आपल्या वहीचें पान अधिक विश्वासाचें आहे.

जे शेतकरी कराराच्या पद्धतीनें पक्षी वाढवितात, त्यांस पिलें, खाद्य व औषधें कंपनीकडून येतात व वाढीव वजनावर संगोपनाचा दर मिळतो. त्यांस खाद्य निवडण्याची मोकळीक नाहीं हें खरें. परंतु पोत्यावरील चिठ्ठी वाचण्याची, पोतें बुरसटलेलें आल्यास उतरून न घेण्याची, व खाद्यांत कोणतीं द्रव्यें आहेत हें लेखी विचारण्याची मोकळीक त्यांस आहे. एफसीआर बिघडला म्हणजे त्यांचा दर कापला जातो. तेव्हां खराब पोत्याची तारीख व संख्या वहींत नोंदलेली असणें हाच त्यांचा पुरावा.

रोजची पाहणी

रोज सकाळीं गादी हलवितांना विष्ठा पाहावी. घट्ट, तपकिरी व वर पांढरी टोपी असलेली विष्ठा निरोगी आंतड्याची खूण आहे. तींत न पचलेले दाणे दिसले, ती पातळ झाली, नारिंगी बुळबुळीत आली अगर तींत रक्त दिसलें, तर त्याच दिवशीं हालचाल करावी. एकदम पुष्कळ पक्षी मेले तर पुड्या चाळीत बसूं नये. शहापूर तालुक्यांतील वेहळोळी येथें फेब्रुवारी २०२२ मध्यें एका शेडींत सुमारें शंभर पक्षी मेले; तपासणींत बर्ड फ्लू ठरला, आणि रोग पसरूं नये म्हणून आसपासच्या हजारों कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अशा रोगास, किंवा मानमोडीस, आंतड्याची कोणतीही पुडी अडवीत नाहीं. मानमोडीस लस हाच उपाय. बर्ड फ्लूचा संशय येतांच जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळविणें, पक्षी शेडीबाहेर न नेणें व मेलेले पक्षी उघड्यावर न टाकणें हाच उपाय.

रोगाचें निदान अंदाजानें करूं नये. पुण्यास औंध येथें पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे, आणि गोरेगांवच्या आरे वसाहतींत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. नमुना कसा व कोठें पाठवावयाचा हें तालुक्याच्या पशुवैद्यास विचारून ठरवावें. पक्षी फाडून पाहिल्यावर आंतडें काय सांगतें तें समजलें, म्हणजे फळीवरील कोणती बाटली ठेवावी व कोणती काढावी हें बहुधा आपोआप ठरतें.

असो. ज्येष्ठ लागण्यापूर्वीं आमच्या वाचकांनीं चार कामें उरकून घ्यावीं अशी आमची विनंती आहे: छप्पर व नैर्ऋत्येचे पडदे दुरुस्त करावे, कोरडें तूस झांकून सांठवावें, मक्याची बरणीनें परीक्षा करावी, व पाण्याच्या नळ्या धुवाव्या. पांचवें काम म्हणून एक कोरी वही आणून तिच्या पहिल्या पानावर पिलें आल्याची तारीख, संख्या व वजन लिहावें. ज्यांच्या वह्या तीन बॅच भरतील त्यांनीं आपले आंकडे मासिकाकडे अवश्य पाठवावे. एका शेताचा अनुभव दहा शेतांस उपयोगीं पडतो.